तुमची ती लाकडी गुट्टी

अहो,

तुमचं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं. फोटोसमोर उभी राहून मी शहाण्या बायकोसारखी रडले. आज मला त्या रडण्याचाही राग येतोय. डोकं इतकं तापलंय की भांडल्याशिवाय घास उतरायचा नाही, आणि ज्याच्याशी भांडायचं तो माणूस फोटोत जाऊन बसलाय. म्हणून हे पत्र.

सकाळी नवा गिझर बसवायला मेकॅनिक आला होता. जावयांनी ऐकलंच नाही, थंडीच्या आत बसवायचाच म्हणाले. काम आटोपल्यावर त्या मेकॅनिकला गॅलरीत गोणपाटाखाली आपला जुना, फुटलेला गिझर दिसला. "भंगारात द्यायचाय का?" म्हणत त्यानं तो उलटा केला आणि एकदम ओरडला, "ही गुट्टी कुणी ठोकली, काकू?"

मी म्हटलं, "आमच्या ह्यांनी. पाणी ठिबकायचं ना तिथून."

"अहो, तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे! पाणी तापलं की फुगतं, जास्तीचं तिथून बाहेर पडतं. तो ठिबकायलाच पाहिजे. शिवाय आत क्षार साठून थर्मोस्टॅट अडकलेला, वीज आपोआप बंदच होत नाही, म्हणजे पाणी तापतच राहणार. गुट्टी ठोकून बॉम्ब केलात की हो याचा!"



थेंब! काय वैर होतं हो तुमचं त्या थेंबाशी? ठाकुर्लीत आलो तेव्हापासून बघतेय. पालिकेचं पाणी जेमतेम, बाकी सगळं बोअरिंगचं, खारं. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, माझे केस काथ्यासारखे झाले. पण त्या पाण्याचासुद्धा थेंब गळला की तुमचा जीव कासावीस. ठिबकत्या नळातून घरची लक्ष्मी निघून जाते, हे सासूबाईंनी लहानपणी डोक्यात भरवलेलं. एवढे शिकलात, कारखान्यात सुपरवायझर झालात, पण ते काही डोक्यातून गेलं नाही.

एरवी गिझरची निगा तुम्ही बाळासारखी राखायचात, हेही खरं. दिवाळीच्या आधी बनियनवर बसून तो उघडायचा, कॉइलवरचा चुन्यासारखा थर खरवडून परातीत काढायचा आणि मला हाक मारायची, "अगं, बघ, हे आपण पोटात घालतो!" तेव्हा तुम्ही मला फार आवडायचात. आज हे लिहिताना दात-ओठ खातेय मी.

आणि मग एका रविवारी तुम्हाला तो ठिबकणारा व्हॉल्व्ह दिसला. जुनं धोपटणं तासून गुट्टी केलीत, फट बुजायला सफेदा लावलात, ठोकलीत. थेंब बंद! काय तो आनंद! मी विचारलं, "कंपनीनं उगाच भोक ठेवलं असेल का हो?" तर म्हणालात, "कंपनीवाल्यांना काय ठाऊक इथल्या पाण्याची टंचाई!" झालं. तुमच्यापुढे बोलायची सोय होती का कधी?

त्या वर्षी मुग्धा बाळंतपणाला आली आणि त्या गडबडीत गिझरची सफाई राहिली. आंघोळ घालायला खाडीकडच्या गावातून जनाबाई यायच्या. बाळाला पायांवर घेऊन त्याच तर पहिल्यांदा म्हणाल्या, "भाऊ, या डब्यान काय त खदखदतंय, बगा जरा."

तुम्ही धावलात. "जनाबाई, बाळाला घेऊन आधी बाहेर व्हा," म्हणालात. त्या बाहेर आल्या, आणि तुम्ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत शिरलात. कशाला? बटण दाराबाहेर होतं हो! हात लांब करून बंद करायचं आणि आपणही बाहेर थांबायचं, एवढं सुचू नये? पण नाही. तुम्हाला आत जाऊन बघायचं होतं.

हॉस्पिटलात, पट्ट्यांमधून, तुम्ही मला काय विचारलंत आठवतंय? "गळत तर नव्हता ना गं?" मी म्हटलं, "नाही हो, थेंबही नाही." तुम्ही पुटपुटलात, "मग फुटला कसा?" त्या प्रश्नासकट गेलात. आज उत्तर मिळालं, आणि ते ऐकायला तुम्ही नाही. किती चिडू मी? कुणावर चिडू?

सगळे म्हणतात, आजोबांनी नातीसाठी जीव दिला. सोसायटीच्या ऑफिसात हार घातलेला फोटो आहे तुमचा. मुग्धा तिच्या घरी बाळाला तुमचा फोटो रोज दाखवते. तेवढ्यावर मी गप्प बसलेही असते. पण मेकॅनिक गेला आणि मला बाकीची घरं आठवली. अहो, गुट्टी काय आपल्याच घरात ठोकलीत? पाटलांकडे, तळमजल्यावरच्या गोखल्यांकडे, समोरच्या वहिनींकडे! ज्याचा गिझर ठिबकला त्याच्या घरी तुम्ही हजर, शर्टाच्या खिशात गुट्ट्या घेऊन. वर चहा पिऊन, शाबासकी घेऊन यायचात!

संध्याकाळी वहिनींकडे गेले. गिझर चालूच होता. मी आधी बटण बंद केलं आणि म्हटलं, "ती गुट्टी काढायला हवी." तर त्या म्हणतात, "नको हो! भाऊंच्या हातची आठवण आहे ती. आणि परत ठिबकायला लागलं म्हणजे?"

मग माझा तोल गेला. "त्या आठवणीनंच तुमचे भाऊ गेले!" मी ओरडले. "माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचा जीव घेतला, तुमचा घ्यायचा राहिलाय!" वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. जिन्यात लोक जमले. तुमच्याबद्दल असं काही माझ्या तोंडून निघेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आज रात्री कुणी गिझर लावू नका, एवढं जमलेल्यांना बजावून आलेय; उद्या मेकॅनिकला घेऊन मी प्रत्येक दार वाजवणार आहे. ही गुट्टी कुणी ठोकली आणि त्यानं काय झालं, हे प्रत्येक घरात सांगणार आहे. तुमच्या नावाला बट्टा लागेल. लागू दे! मुग्धालाही सांगणार, आणि नात कळती झाली की तिलाही. आजोबांनी तुला आधी बाहेर काढलं, हे सांगेनच. पण गुट्टी लपवणार नाही. तुमच्या हुशारीनं या बिल्डिंगमध्ये दुसरी बाई विधवा होऊ देणार नाही, हा माझा शब्द.

आला राग? चारचौघांत बायकोनं लाज काढली म्हणून? मग या ना भांडायला. एकदा तरी या.

तुमचीच,
सुमन