खांगदादाची उदबत्ती

११ मार्च २०१६

दक्षिणेचं क्वी न्योन बंदर! सकाळी कप्तानानं सांगितलं — सोमवारी गोडं पाणी भरायला धक्क्याला लागणार, दिवसभर सुट्टी, सहाला हजर. बाकीच्यांनी बियरच्या गोष्टी काढल्या. मी खोलीत येऊन बॅगेतून खांगदादाचा फोटो काढला.

बहात्तर सालचा सरकारी कागद म्हणतो, तो लढाईत याच शहराच्या आसपास पडला. मी दहा वर्षांची होते. सव्वीस वर्षं सर्वेक्षणाच्या जहाजांवर डॉक्टरकी केली, हे बंदर कधी लागलं नाही. आता लागतंय — निवृत्तीला दोन महिने असताना! आई शहाऐंशीची. तिच्या डोळ्यांदेखत त्याची हाडं गावच्या शेतात आणायची. एवढं एकच काम राहिलंय.

१२ मार्च

आईला फोन केला. आनंद होईल असं वाटलं होतं. म्हणाली, "नको जाऊस गं. ऊन लागेल. माती सगळीकडची सारखीच."

ही काय बोलायची रीत! तीन वर्षांपूर्वीही हेच. हुतात्म्यांच्या हाडांशी जुळवायला आयांचं रक्त हवं म्हणून माणसं दारात आली, तर ही परसात जाऊन बसली. सुईची भीती म्हणे. पाच बाळंतपणं घरात झालेली बाई! तो घरून निघाला ती तिथी आम्ही श्राद्धाची धरतो. त्या दिवशी स्वयंपाक ती करते, भात ती वाढते, पण फोटोपुढची उदबत्ती मी लावायची. मी समुद्रावर असले तर शेजारणीनं. "माझा हात कापतो." सुईत दोरा ओवताना नाही कापत.

१३ मार्च

वारा. तिघांना उलट्या. दुसरं काही नाही.

१४ मार्च

सातला उतरले. भाड्याच्या मोटरसायकलवाल्या म्हाताऱ्यानं बोलण्यावरून लगेच ओळखलं.

"उत्तरेच्या का मावशी? घट्ट धरा. पडलात तर या रस्त्यावर डॉक्टर मिळायचा नाही."

"मीच डॉक्टर आहे. पुढे बघा."

"मग मी पडलो तरी हरकत नाही!"

मी हसले नाही. समुद्र सारखा डाव्या हाताला येत होता, तेही आवडलं नाही. शहर छान होतं म्हणे. मला नीटसं आठवत नाही. खोबरं भाजल्याचा वास आणि डोळ्यांत वाळू, एवढंच.

हुतात्म्यांची दफनभूमी टेकडीवर. रांगाच रांगा. निम्म्याहून जास्त दगडांवर 'नाव अजून कळलेलं नाही'. राखणदार तोआन नावाचा, सत्तरीचा, एका डोळ्यानं अधू. त्यानं वही दोनदा चाळली. खांग नाही. गावाच्या नावावर शोधलं — नाही. तुकडीच्या नावावर — नाही. चौदाव्या रांगेत, बिननावाच्या दगडांपाशी, मी औषधाच्या डबीत मूठभर माती भरून घेतली. रिकाम्या हातानं जायचं नव्हतं.

निघताना त्याला फोटो दाखवला. अठरा वर्षांचा दादा, डाव्या कानाची पाळी चिरलेली. लहानपणी मासे पकडताना गळ अडकला होता.

तोआननं फोटो चांगल्या डोळ्याशी धरला. मग म्हणाला, "ताई, हा कान मी ओळखतो. पण हा माणूस माझ्याकडे जमिनीत नाही. तो इथं उदबत्त्या लावायला यायचा. चौदाव्या रांगेत. दरवर्षी."

मी म्हटलं, शुद्धीवर आहात का?

"मी आहे. तुम्ही बसून घ्या."

कोळीवाड्यात राहायचा. जाळी दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी गेला.

त्यानंच पत्ता सांगितला. गल्लीच्या तोंडाशी एक बाई कोळंबीचे घावन घालत होती. तिनं फोटोकडे बघितलंही नाही, माझ्याकडे बघितलं. उलथनं खाली ठेवलं.

"दिएप ना तुम्ही? भुवया त्यांच्याच. या वन्सं, आत या."

वन्सं! मला!

आत देवघराच्या फळीवर एका म्हाताऱ्याचा फोटो. केस पांढरे. कान तोच.

सुओंग तिचं नाव. भराभर बोलत होती, पाठ केल्यासारखं. त्याच्या तुकडीतले सगळे एका दुपारी मेले. हा तापानं फणफणलेला, हिच्या आईनं होडीच्या तळाशी लपवला. बरा झाला, पण परत तुकडीकडे गेला नाही. लढाई संपेपर्यंत घरी कागद पोचलेला. "त्यांनी एकच पत्र टाकलं. ऐंशी साली, तेतच्या सणानंतर. उत्तर आलं नाही. मी म्हणायचे, दुसरं टाका. तर म्हणायचे, नको, आईनं विचार केला असेल."

"आईला पत्र मिळालंच नाही!" मी ओरडले. "मिळालं असतं तर ती चालत आली असती."

सुओंगनं उदबत्ती पेटवून माझ्यापुढे धरली. राख पडायला आली तरी माझा हात पुढे झाला नाही. शेवटी तिनंच लावली.

"खाऊन तरी जा, वन्सं. ते म्हणायचे, दिएपला कडेचं कुरकुरीत आवडतं."

खाल्लं नाही. पावणेसहाला जहाजावर होते.

१५ मार्च

पळपुटा! हा शब्द लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यात फिरायचा थांबेल.

मी शाळेत त्याच्या नावानं भाषणं केली. वैद्यकीय कॉलेजात हुतात्म्याची बहीण म्हणून जादा गुण मिळाले, दीड गुणानं आत गेले. ते गुण नसते तर गावात भात लावत असते. इतकी वर्षं आई झुरली, आणि हा बायकोशी माझ्या आवडीनिवडी बोलत बसला होता!

आईला सांगायचं नाही. ठरलं. मातीची डबी तिच्या हातात ठेवायची, चौदाव्या रांगेत सापडला म्हणायचं. मी खोटं बोलत नाही. हे बोलेन.

१६ मार्च

झोप नाही. माझ्यापुढे धरलेली उदबत्ती मी घेतली नाही. कुणाच्याही दारात असं करत नाहीत. परक्याच्याही.

१८ मार्च

रजा काढून घरी. डबी आईच्या हातात दिली. "सापडला," म्हटलं.

तिनं झाकण उघडलंच नाही. "कधी गेला?"

"बहात्तर साली. कागदावर आहेच की."

"दिएप. कधी गेला?"

 मग सांगितलं — दोन वर्षं झाली. फुप्फुसं.

भिंतीला धरून उठली. म्हणाली, "पत्र आलं तेव्हा तुझा कॉलेजचा अर्ज भरायचा होता."

मग काडेपेटी मागितली. फोटोपुढची उदबत्ती तिनं स्वतः लावली. हात कापला नाही.