झाकणांवरच्या रेघा

मी, शालीकराम मंगरू शहारे, वय बहात्तर, धंदा पेंटर, राहणार मौजा दवनीवाडा, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा धाक नाही, दारू चौदा वर्षांपूर्वीच सुटली. डोळ्यांची हमी मात्र देत नाही. कारण पुढे येईल.

मला एकच अपत्य, मुलगी चेतना, राहणार तुमसर, शाळेत गणित शिकवते. एकोणीस वर्षं आमचं बोलणं नाही आणि दोष माझा आहे. असलं वाक्य मृत्युपत्रात लिहीत नसतात, असं अर्जनवीस म्हणाला. तरी ते राहील.

कलम १. दोन खोल्यांचं घर, अंगण आणि कालव्याकाठची धानाची बांधी चेतनाची. माझे पुतणे हक्क सांगायला येतील. ललिता, म्हणजे माझी बायको, आठ महिने खाटेवर होती, तेव्हा त्यांना आमच्या घराची वाट सापडली नाही. आता सापडली तर त्यांना चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

कलम २. ट्रंकेतले नाटकाचे अकरा पडदेही चेतनाचेच. जंगल, राजवाडा, गावचा रस्ता, धानाची शेतं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरल्या की गावोगावच्या नाटकांना हे पडदे लागत. धानाचा पडदा उघडला की नट येण्याआधीच टाळ्या पडत. लोक त्याला ‘शालीकरामचा हिरवा’ म्हणत. कामठ्याला माझा सत्कार झाला, तेव्हा मी माइकवर सांगितलं की मी डब्याकडे बघतसुद्धा नाही, हात आपोआप रंगावर जातो, ही जन्मजात देणगी आहे. ललिता खाली बायांमध्ये बसली होती. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते, ती नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

ती जाऊन आता दोन वर्षं झाली. गेल्या बुद्धपौर्णिमेआधी मी विहाराच्या भिंतीवर पिंपळाखाली बसलेले बुद्ध एकट्याने रंगवले. लोक आले, वंदना केली आणि कोणी काही बोललं नाही. शेवटी खुशबू नावाच्या सात वर्षांच्या पोरीने विचारलं, “आबा, पिंपळाची पानं लाल काऊन? अना चीवर हिरवं काऊन?” मला वाटलं मोतीबिंदू झाला. डोळ्यांच्या शिबिरात गेलो. डॉक्टरीणबाईंनी ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक पुढे धरलं, आकडा वाचा म्हणाल्या. मला नुसते ठिपके दिसले. माझ्यामागच्या म्हातारीने तो आकडा तिथूनच वाचला.

बाई म्हणाल्या, लाल आणि हिरवा तुम्हाला वेगळा दिसतच नाही, जन्मापासून. मग विचारलं, इतकी वर्षं पोट कशावर भरलं? मी धंदा शेती सांगितला.

घरी येऊन रंगाचे डबे काढले. प्रत्येक झाकणावर खिळ्याने ओढलेल्या रेघा होत्या. एक, दोन, तीन. या रेघा मी आयुष्यभर पाहिल्या होत्या. एकदा विचारलंही होतं, “हे कोनं खरवडलं?” ललिता म्हणाली, “उंदरानं कुरतडलं असन.” टिनाचं झाकण कुरतडणारा उंदीर, आणि मी ते मानलं! डबे माझ्या उजव्या हाताला रोज रेघांच्या त्याच क्रमाने तीच मांडायची. हिरवा तीच घोटायची, तो बायाईचा धंदा म्हणून मीच तिच्यावर टाकला होता. त्या हिरव्यात ती किती पिवळा घालायची, हे मी कधी विचारलं नाही. आता सांगणारं कोणी नाही.

म्हणून प्रत्येक पडद्यावर माझ्या नावाच्या वर ‘रंग : ललिता शहारे’ असं लिहावं. हे काम भैय्यालाल पेंटरने करावं. तो पंचवीस वर्षांपूर्वी भर मंडईत मला म्हणाला होता, “रंग तुया नाई लेका, तुया बायकोचा आहे.” मी त्याच्या कानाखाली मारली होती. माझं पाहून तो जळतो, असं मी गावभर सांगितलं. सगळ्यांची मनं मला ओळखता येतात, असा माझा समज होता.

कलम ३. हे फक्त चेतनासाठी. एकोणीस वर्षांपूर्वी ललिताला ताप होता आणि जंगलाचा पडदा तू माझ्यासोबत रंगवायला बसलीस. तू डबे तुझ्या हिशेबाने मांडलेस. थोड्या वेळाने म्हणालीस, “बाबा, झाडं लाल होऊन राहिली.” नाटक मंडळाची माणसं तिथेच उभी होती. मी म्हटलं, “तुलेच रंग दिसत नाई. तू काय चित्रं काढशीन?” आणि तुझा चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म फाडला. खाटेवरून तुझी आई म्हणाली, “चूप राय, पोरी.” तू चूप राहिलीस. मग ब्रश कधी हातात धरला नाहीस. तू खरी होतीस हे तिला माहीत होतं. तिने माझी अब्रू राखली आणि त्यासाठी तुला सोडलं. तिचे उपकार मानू की तिच्यावर रागावू, मला कळत नाही. मी दोन्ही करतो आणि रडतो.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं. हा दोष मुलीतून नातवाकडे जाऊ शकतो. म्हणजे मी न देताही तुझ्या राजदीपला माझा वारसा मिळाला असेल. त्याने पान तपकिरी रंगवलं तर ओरडू नकोस, पण लपवूही नकोस. त्याला सांग.

कलम ४. तो फाटलेला फॉर्म ललिताने खळ लावून चिकटवला होता. तिच्या पेटीत सापडला. पालकाच्या सहीची जागा रिकामी होती, तिथे मी आज सही केली आहे. त्याचा आता उपयोग नाही, हे मला कळतं.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. हे मी आजच रजिस्टर पोस्टाने तुला पाठवतो आहे, कारण या कलमाला मी जिवंत लागतो. घराचं दार मी एकट्याने रंगवलं आहे, तुझ्या आईला आवडायचा तो पोपटी. रेघा बोटांनी चाचपून डबा घेतला, तरी घोटताना काय झालं असेल सांगता येत नाही. गावातलं कोणी बोलत नाही, म्हाताऱ्याला कशाला दुखवा म्हणून. तू ये. चुकलं असेल तर त्या दिवसासारखंच मोठ्याने सांग. या वेळी मी ऐकीन.

ठिकाण : दवनीवाडा
दिनांक : १२ जानेवारी २०२५

सही : शालीकराम मंगरू शहारे

साक्षीदार :
१. दुर्गाप्रसाद बकाराम पटले, शेजारी
२. भैय्यालाल योगराज उके, पेंटर (मी माफी मागितली, त्यानंतर यांनी सही केली)