चुकीच्या सम्राटापुढे वाचलेली यादी

झेंगचौ, छिंगमिंगच्या पितृपूजेनंतरचा तिसरा दिवस

आदरणीय तिसरे काका,

शौछ्येनचा गुडघे टेकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (हे दोन्ही लागोपाठ लिहायला नको होते, पण खोडले तर जास्तच डोळ्यांवर येईल.) सू-लान आत्या आणि मी सुखरूप परतलो.

यंदा तुमच्याऐवजी कुळाची यादी आपले मूळपुरुष यान सम्राट यांच्या पुतळ्यापुढे वाचायचे काम माझ्याकडे आले. नव्या मुलग्यांची सात नावे. पूर्वजाने ऐकल्याशिवाय तुम्ही कुळाच्या वहीत काही लिहीत नाही, आणि मुलींची नावे तर कधीच नाहीत. माझ्या लेकीचे, हेयिनचेही नाही. (तक्रार करत नाही.) आता डोंगरातून वर आलेल्या दोन सम्राटांच्या त्या दगडी डोक्यांचे नाकच दुमजली शाळेएवढे, खालून ओळखणार कसे? यान डाव्या हाताला की उजव्या, ते तुम्ही लिहून दिले होते. मी ते माझ्या बाजूने धरले. डावे-उजवे बसलेल्या वडीलधाऱ्याच्या बाजूने मोजायचे, हे जन्मभर जेवायला बसताना पाळले आणि ऐन वेळी विसरलो. वाफवलेले पाव मांडले, लाल बोरे मांडली, तीनदा वाकलो, खड्या आवाजात यादी वाचली. मागून रखवालदार म्हणाला, "मास्तर, हे हुआंग सम्राट. तुमचे यान पलीकडचे."

कुळाची पोरे दुसऱ्याच्या दारात सोडून आल्यासारखे वाटले. आत्या मात्र पाव भराभर पिशवीत भरत म्हणाल्या, "घाबरतोस काय? यान-हुआंगचं भांडून कधीच झालं, आता खांद्याला खांदा लावून बसलेत दोघं. एवढाल्या कानांना शेजारचं ऐकू येत नसेल होय?" रखवालदार म्हणाला, "आजी, रोज कुणीतरी हाच घोटाळा करतं." तेव्हा कुठे जिवात जीव आला. पलीकडे जाऊन सगळे पुन्हा वाचले. (बोरे थोडी कमी भरली; आत्या वाटेत खात होत्या.) तेव्हा नावे वहीत लिहायला हरकत नाही.

तुमचा,
शौछ्येन

ता. क. सातव्या नावानंतर मी हेयिनचे वाचले. चुकून, असे लिहिणार होतो. पण ते घरूनच कागदावर लिहून नेले होते. सम्राटच चुकीचा निघाला म्हटल्यावर रिवाज मोडला नाही असे वाटून सुटलो, आणि त्या सुटण्याची लाज वाटली. म्हणून यानांपुढेही आठ वाचली.

आणखी एक. आठवे संपताच आत्यांनी बरगडीत कोपर मारले. "माझंही वाच. एकाहत्तर वर्षं थांबलेय." वाचले. यान सम्राटांनी काही हरकत घेतली नाही. वहीत दोन ओळी होतील का? आत्या म्हणतात, समासही चालेल. उत्तर त्यांनाच द्या. हे पत्र घेऊन उद्या त्याच तुमचा गुडघा चोळायला येताहेत.