होय, आप्पासाहेबांना मीच मारलं

उस्मानपुरा, औरंगाबाद
१५ जुलै १९६८

ती. सौ. आवडाक्कास,
बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

माझं आयुष्य बदललं ते गेल्या मंगळवारी, वाचनालयाच्या खिडकीपाशी, दमयंतीनं पुस्तकावर शिक्का मारता मारता खून माळ्यानं केलाय असं सांगून टाकलं तेव्हा.

तुला ती माहीत नाही म्हणून लिहितो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अनंतरावांचं वाचनालय आहे. दुपारी ते आत आडवे होतात आणि त्यांची लेक खिडकीत बसते. त्या पुस्तकासाठी मी महिनाभर नंबर लावून होतो. माझं डोकं फिरलं. मी भर रस्त्यात तिला सुनावलं की वाचकाचा शेवट हिसकावून घ्यायचा तुम्हाला काय हक्क. तर ती मान खाली घालूनच म्हणाली की असली पुस्तकं मला दुसऱ्या प्रकरणात कळतात, त्यात माझा काय गुन्हा. एवढं झोंबत असेल तर मला ओळखता येणार नाही असं एखादं तुम्हीच लिहा. आणि आक्का, हे म्हणून झाल्यावर तिनं वर पाहिलं. डोळ्यांना चष्मा आहे. चष्म्याच्या आतून हसत होती की रागावली होती, ते अजून ठरवता आलेलं नाही. रस्त्यावरून टांगा गेला, कोणी तरी मला बाजूला हो म्हणून ओरडलं, मी तसाच उभा.

त्याच दुपारी रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. कॉलेजच्या फाटकापाशी गेलो आणि तसाच पुढं चालत राहिलो. कॉलेज सुटलं.

मी आता रहस्यकादंबरी लिहिणार. अशी की पुण्याला छापली जाईल आणि प्रत्येक एस्टी स्टँडवर टांगलेली दिसेल. पाचोडला तात्यांना एवढ्यात कळू देऊ नकोस. लोभ आहे तो दाबून धरावा, दाजींपुढं उघडा करू नये.

तुझा,
बद्री

---

कन्नड
२३ जुलै १९६८

चि. बद्रीनाथास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. कॉलेज सोडलं ते तू एका ओळीत लिहिलं आणि त्या पोरीनं वर पाहिलं त्याला अर्धं पान. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण एवढा हिशेब मला येतो.

तुझी पत्रं इथं ओट्यावर वाचली जातात हे विसरू नको. आमच्या आत्याबाई, शेजारची साळूबाई, सगळ्या गहू निवडत ऐकायला बसतात. साळूबाईचं माहेर आपल्या पाचोडचंच, तिला तुझी लई काळजी. तुझा घरमालक आप्पासाहेब रात्री दिवा बंद करायला लावतो हे ऐकून तिनं त्याला इथूनच शिव्या दिल्या. या वेळी मात्र वाचता वाचता निम्मं पत्र मी गिळलं, तर आत्याबाई म्हणाल्या, आज बद्रीनं थोडक्यात आटोपलं.

तुझे दाजी जंगलखात्यात फिरतीवर असतात आणि असली पुस्तकं थैलीत लपवून नेतात, हे मला परवा कळलं. त्यांचं म्हणणं, लिहू दे. माझं म्हणणं, लिही, पण जरा डोकं ठिकाणावर ठेव. ते वाचनालयवाले सोवळ्यातले आणि आपल्याकडं रविवारी रस्सा. तात्यांपासून मी लपवीन, पण मला खोटं बोलताना उचक्या लागतात.

जेवत जा. बाकी लोभ आहेच, तो काय मागून वाढायचा.

तुझी,
आक्का

---

उस्मानपुरा
११ ऑगस्ट १९६८

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

कादंबरी लिहायला अक्कल लागते असं मला वाटायचं. लागतो तो अंगठा. दमयंतीनं माझ्यापुढं वाचनालयातली सगळ्यांत जास्त फिरलेली पुस्तकं मांडली आणि म्हणाली, मजकूर वाचू नका, कोपरे बघा. जिथं माणसं अंगठा ओला करून भराभर उलटत गेली, तिथं कोपरे काळे. जिथं चहा सांडलाय, तिथं वाचणाऱ्याला कपाचं भान राहिलं नव्हतं. आणि चांदणं, नदीकाठ, नायिकेचे केस ही सगळी पानं छापखान्यातून आली तशी कोरी. लोक त्यांवरून उड्या मारून गेले. मी चांदण्यावर मन लावून बरीच पानं लिहिली होती. ती तिनं काढली, उगाच आहेत म्हणाली, आणि खणात टाकली.

तिचं शास्त्र असं की पहिल्याच वाक्यात माणूस पडला पाहिजे. गोष्ट ‘मी’ म्हणून सांगितली की वाचक मानगूट सोडवून घेऊ शकत नाही. आणि प्रकरण थांबवायचं ते कोणाचा तरी हात दाराच्या कडीवर असताना.

दर आठवड्याला मी प्रकरण देतो, दर आठवड्याला ती खुनी सांगते आणि पुढचं कधी ते विचारते. खुनी डॉक्टर होता, तिनं ओळखला. ड्रायव्हर केला, ओळखला. मावशी केली, तर म्हणाली की मावशीचा मलाही पहिल्यापासून राग येत होता. आता मुनीम केलाय. या वेळी नाही सापडायची.

पुण्याच्या एका प्रकाशकाला लिहिलं होतं. त्यानं कादंबरी बघायच्या आधी मुखपृष्ठच पाठवलं. गच्चीवर बाई, हातात पिस्तूल, मागं बिबट्या. चित्र छापून पडलंय, मजकूर त्यात बसवा, असं वर लिहिलंय. मी त्याला गाढव ठरवणारं उत्तर लिहिलं होतं. ते दमयंतीनं वाचलं, शांतपणे फाडलं आणि बिबट्या पाचव्या प्रकरणात घाला म्हणाली. दाजींना विचार, बिबट्या गच्चीवर येतो का.

सोबत पहिलं प्रकरण. आप्पासाहेबांनी परवा पुन्हा दिव्यावरून वाद घातला, म्हणून मयताचं नाव आप्पासाहेब ठेवलंय. नायक खून अंगावर घेतो, पण तो त्यानं केलेला नाही, हे शेवटी कळतं.

एक बातमी लिहू नये असं वाटतं, तरी लिहितो. परभणीहून बँकेतला कोणी तरी पुढच्या महिन्यात तिला बघायला येणार आहे. त्याच्या आधी कादंबरी पुरी झाली पाहिजे. लेखक म्हणून अनंतरावांपुढं उभा राहीन, रिकामा म्हणून नाही.

लोभ ठेवावा. राग आल्यास तोही पत्रानंच कळवावा.

तुझा,
बद्री

---

कन्नड
२१ ऑगस्ट १९६८

चि. बद्रीस,
आशीर्वाद. हे पत्र मिळेल तेव्हा घरात असशील तर दाराला आतून कडी लाव आणि मग वाच.

काल मी शेतावर होते. पोस्टमन सांडू आला. आत्याबाईंना धीर निघेना, त्यांनी त्यालाच पाकीट फोडून वाचायला सांगितलं. तू घडी अशी घातलेली की प्रकरण वर आणि पत्र खाली. सांडू कोणाचंही पत्र वाचताना तार वाचल्यासारखा आवाज लावतो. त्यानं सुरू केलं: “होय, आप्पासाहेबांना मीच मारलं.”

ओट्यावर गहू सांडले. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. आप्पासाहेब कोण हे सगळ्या गल्लीला ठाऊक, दिव्याचं भांडणही ठाऊक. एक बाई म्हणाली, एवढ्याशा दिव्यापायी जीव घेतला. दुसरी म्हणाली, तापट लहानपणापासूनच. सांडू पार शेवटपर्यंत वाचत गेला. तुझा हात दाराच्या कडीवर असताना प्रकरण संपलं, तेव्हा सगळ्यांनी रस्त्याकडं पाहिलं म्हणे, तू येतोस की काय म्हणून. मग खालचं पत्र न वाचताच तो टोपी काढून निघून गेला.

मी आले तर चूल विझलेली. खरं काय ते समजावून सांगेपर्यंत साळूबाई पोळ्याला माहेरी म्हणून दुपारच्या एस्टीनं गेली होती. पाचोडला जाऊन ती गप्प बसेल असं तुला वाटतं का? मी तार करायला धावले, तर खिडकी बंद.

तात्या निघाले असतील. त्यांच्या पाया पड आणि लगेच मागं सरक.

तुझी,
आक्का

---

पाचोड
२७ ऑगस्ट १९६८

चि. सौ. आवडाबाईस,
तात्याचे आशीर्वाद.

साळूबाईनं बातमी आणली तेव्हा मी बैलांच्या शिंगांना रंग लावत होतो. एक शिंग तसंच राहिलं. फौजदारासाठी तुपाचा डबा घेतला, बद्रीसाठी वकील घेतला आणि औरंगाबाद गाठलं.

बघतो तर आप्पासाहेब ओट्यावर न्हाव्यापुढं बसलेले, तोंडाला साबण. माणूस जिवंत बघून माझं भान गेलं. मी जाऊन मिठी मारली. वस्तरा लागला. या सगळ्या खुनात रक्त सांडलं ते तेवढंच. तुपाचा डबा त्यांनाच दिला. चांगला माणूस आहे. बद्रीनं वीजबिल बघावं म्हणतो.

कॉलेज सोडल्याचं तिथंच कळलं. हात उचलला होता. गलका ऐकून धावलेली वाचनालयवाल्याची लेक मधी आली. म्हणाली, मारायचं तर मारा, पण कशापायी मारताय ते आधी ऐकून घ्या. मग ती बद्रीची कादंबरी वाचत गेली आणि मी ऐकत गेलो. वकिलाची एस्टी चुकली, तो पण उठला नाय. शेवटी मी म्हणालो, मुनीम. ती म्हणाली, मलाही दुसऱ्याच प्रकरणात कळलं. बद्रीचं तोंड बघण्यासारखं झालं.

पण वाचायचं चाललं होतं तोवर बद्री कोपऱ्यात एक पुस्तक उघडून बसला होता आणि ते उलटं धरलेलं होतं. मी म्हातारा असेन, आंधळा नाय. यातलं तुला काय ठाऊक आहे ते उलट टपाली लिही. सांडूच्या हाती देऊ नको.

पुढचं प्रकरण आलं की इकडं पाठव. गावात लोक विचारतात.

तात्या

---

कन्नड
५ सप्टेंबर १९६८

चि. बद्रीस,
आशीर्वाद.

दाजी फिरतीवरून आले. त्यांचं म्हणणं, बिबट्या बाईसाठी गच्चीवर येत नाय, कुत्र्यासाठी येतो. म्हणून गच्चीवर कुत्रं बांध. आता माझं ऐक.

तू खुनी लपवायला बसलास आणि तुझ्या नाकापुढचं तुला दिसलं नाय. दुसऱ्या प्रकरणातच जिला सगळं कळतं, ती दर आठवड्याला पुढचं कशापायी मागते? चांदण्याची पानं उगाच होती, तर तिनं ती फाडली का नाय? प्रकाशकाला लिहिलेलं पत्र तर फाडलं. तुझ्या चांदण्याला मात्र खण दिला. आणि बाप हात उचलतो तेव्हा परकी पोरगी मधी येत नसते. एवढं सगळं समोर असून तू मुनिमाच्या मागं लागलास. तुझी कादंबरी कशी खपणार, मला खरंच काळजी वाटते.

तात्यांना मी सगळं लिहिलं. जात पण लिहिली, तुझा रिकामपणा पण लिहिला. एक कार्ड आलं. त्यात आहे ते असं: “पोरगी भित्री नाय. बद्रीनं स्वतः जावं.” खाली बैलाचं दुसरं शिंग रंगवल्याचं लिहिलंय. मला वाटतं राग नसावा.

परभणीवाल्याचं काय झालं ते कळव. माया आहे, पण धीर नाय.

तुझी,
आक्का

---

उस्मानपुरा
१२ सप्टेंबर १९६८

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग घाम आला.

परभणीवाला रविवारी येऊन गेला. पोहे झाले, सुपारी झाली. कोणी तरी म्हणालं, दोघांना काही विचारायचं असेल तर विचारा. दमयंतीनं विचारलं, वाचता काय. तो म्हणाला की रहस्यकथा वाचतो, पण शेवटचं पान आधी, उगाच जीव टांगणीला नको. तिनं पोह्यांच्या बश्या गोळा केल्या त्या इतक्या आवाजात की अनंतरावांना खोकल्याचं नाटक करावं लागलं. पण त्या लोकांना मुलगी पसंत आहे. आज संध्याकाळी अनंतरावांनी होकार कळवायचा आहे.

हे मला आज दुपारी तिनंच सांगितलं. सातवं प्रकरण हातात होतं, तिनं ते घेतलं नाही. म्हणाली की या कादंबरीत नायिकेला तीन वेळा पळवून नेलं, दोन वेळा सोडवून आणलं, एकदा बिबट्यापुढं उभं केलं. तिला काय हवंय हे एकानंही विचारलेलं नाही. माझ्या कानशिलातून वाफ निघाली. मी म्हणणार होतो की बाईसाहेब, तुम्हीच तर अंगठ्याचं शास्त्र शिकवलंत. तेवढ्यात तुझं पत्र आठवलं. मी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि विचारलं. नायिकेचं नाही, तिचं. तिला काय हवंय ते.

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाली, “आता हेच जाऊन अण्णांना विचारा. उजेडी, आणि तोंडाला रुमाल न बांधता.”

एवढंच. आत तिचे अण्णा, म्हणजे अनंतराव, कुशीवर वळले आणि तिनं खिडकी ओढून घेतली.

पुण्याहूनही पत्र आलंय. पाठवलेली प्रकरणं वाचून पुस्तक घेतो म्हणतात. बिबट्या फार आवडला, पुढच्या कादंबरीसाठी मगरीचं चित्र तयार आहे. उत्तर उद्या लिहीन. अनंतरावांपुढं हे पत्र धरावं असं आधी वाटलं होतं. आता वाटतं, नको. मगरीच्या भरवशावर कोण मुलगी देतं?

आप्पासाहेबांनी स्वतःचा इस्त्रीचा सदरा दिलाय. बाह्या लांब आहेत. तो देताना म्हणाले की पोरा, भिऊ नको, तुझ्या बापानं मिठी मारली तेव्हा मीही वाचलोच.

आक्का, मी माणसं तळघरात कोंडली, गच्चीवरून लोंबकळवली, विषाचे पेले पुढं केले. एकाही पानावर मला आजच्यासारखं वाटलं नव्हतं. अनंतराव काय म्हणतील ते मला ठाऊक नाही. चपलेनं मारतील, चहा देतील, की नुसतं चष्म्यावरून बघत राहतील आणि आतून पोरीच्या बांगड्या वाजतील. गल्ली ओलांडायची आहे फक्त. ऊन अजून आहे.

हे पत्र जाता जाता पेटीत टाकतो. लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा आज सगळा लागेल.

अंधाऱ्या खोलीतला दिवा मालवला, आप्पासाहेबांसाठी. सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. निघालो. दार ओढून घेतो.

तुझा,
बद्री