पळून आलेल्या माणसाचा नातू

बा, तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, तरी हे तुलाच लिहिते आहे. समोर असतास तर पुरतं ऐकलं नसतंस. मालकाच्या घरून हाक आली की तू घास अर्धा टाकून उठायचास; माझं बोलणं तर घासाहूनही हलकं. आता तुला कुणी हाक मारणार नाही.

चाकूरजवळच्या त्या गावात तू जन्मभर सालगडी म्हणून राबलास, याची मला लाज नाही. गावात कोण राबत नव्हतं? मला किळस यायची ती तुझ्या फुशारकीची. कुणी पाव्हणा आला की छाती काढून सांगायचास, 'आमी पणज्यापासून ह्याच घरचं मीठ खाऊन राहिलो.' लोक आपलं शेत सांगतात, बैल सांगतात. तू तुझ्या गळ्यातलं दावं कौतुकानं सांगायचास. मालकाचा बैल मेला तेव्हा तू दिवसभर तोंडात पाणी घेतलं नाहीस. आई बाळंतपणानंतर तापानं फणफणत होती तेव्हा मात्र मालकाच्या खळ्यावरून पोट भरून, ढेकर देत आलास. मालकानं वापरून झिजलेला गरम कोट दिला, तो भर वैशाखात घालून गावभर हिंडलास. मानेला घामोळं उठलं तरी काढला नाहीस.

आणि तो फ्रॉक. मालकिणीनं तिच्या मुलीचा विटलेला फ्रॉक दिलेला, मी घालणार नाही म्हणते, आणि तू माझ्या पाठीत रट्टा घालतोस. 'लई शानी झाली का? घाल, अन् जाऊन दाव त्यांना.' मी त्यांच्या ओसरीसमोर उभी आहे, बगलेतली शिवण उसवलेली, हात अंगाशी दाबून धरलेले. मालकीण म्हणते, 'हाय की चांगला.' आणि तू खांबाशी उभा राहून असा हसतोस, जसा तुलाच कुणी नवा सदरा शिवलाय. आई तिथंच गोठ्यात शेण काढत होती. तिनं तोंड फिरवलं. तिनं तुझ्याकडं नंतर कधी नीट बघितल्याचं मला आठवत नाही.

मी आता नांदेडला एका दवाखान्यात सिस्टर आहे. विष्णुपुरीच्या अलीकडं दोन खोल्यांत राहते. तुझ्या नातवाला, धाकट्याच्या पोराला, जात पडताळणीसाठी जुना पुरावा लागत होता. तुझा लेक म्हणाला, मला सुटी मिळत नाही, तूच बघ. म्हणून चाकूरच्या तहसीलच्या चकरा माझ्या वाट्याला आल्या. गावची जन्ममृत्यूची जुनी दप्तरं काढून घेतली. तुझा जन्म निघाला. तुझ्या बापाचा निघाला नाही. आज्याचा, पणज्याचा तर मागमूस नाही. कारकून म्हणाला, 'मॅडम, तुमची माणसं मूळची इथली नसतील.' मला हसू आलं. ज्या गावात तुझा पणजा जन्मलाच नव्हता, तिथल्या घराचं मीठ तू त्याच्यापासून खात होतास.

मग नायगावकडं आत्याच्या घरी गेले. तुझी थोरली बहीण अजून खमकी आहे. सुपात तूर पाखडत बसली होती. मी विचारलं, तशी तिनं सूप खाली ठेवलं.

'चाकूरचं कुठलं आलं गं? आपुन देगलूरच्या पल्याडचं. माझा आज्जा तिथल्या जमीनदाराकडं वेठीला व्हता. लई मारायचे. एक दिस बायकू अन् तान्हं लेकरू घेऊन जो निघाला, तो चालतच हिकडं आला. पार म्हातारपणी बी झोपंत तेलगूत बोलायचा.'

'बाला ठाऊक होतं हे?'

'न ठाव असाया काय झालं? आमी दोघं त्याच्याच कुशीत झोपायचो. तुझा बाप मला म्हनायचा, आक्का, लोक पळपुट्याची नातवंडं म्हनत्याल, गप ऱ्हा.'

तिनं गावाचं नाव सांगितलं. देगलूरला तुझ्या बापाचा जन्म सापडला; तुझ्या नातवाचं काम त्यावर होऊन गेलं. पण त्याच गठ्ठ्यात वेठीच्या घरांची यादी होती, सगळी उर्दूत. एका निवृत्त उर्दू मास्तरांना सोबत नेलं होतं. तुझ्या आज्याच्या नावापुढं एक शब्द होता. मास्तरांनी चष्मा वर केला. 'मफरूर लिखा है बेटी. भागा हुआ.' मी त्यांना तो पुन्हा वाचायला लावला. मग आणखी एकदा. कचेरीतून बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसले आणि मला रडू आलं, पण ते तुझ्यासाठी नव्हतं. बायको आणि तान्हं मूल घेऊन, अंगावरच्या वळांसकट, भाषाही येत नाही अशा मुलखाकडं चालत निघालेला तो माणूस. आपल्या घराण्यात ताठ कण्याचा असा तो एकच, आणि तुला लाज वाटली ती त्याची. कोटाची नाही वाटली.

त्यानंतर मालकाचा नातू माझ्या दारात आला. लातूरला त्याचं बियाण्यांचं दुकान आहे. त्याच्या आज्याच्या नावानं गावात सभामंडप बांधलाय, तिथं निष्ठावंत सेवकांच्या नावाचा दगड बसवणार, म्हणाला, आणि मोबाईलवर तो दगड दाखवला.

'फोटो बी लावणार हाव. काकांचा हाय आमच्याकडं, त्यांनीच आणून दिलता. नाव बरोबर कोरलंय का, तेवढं बघा ताई.'

आमच्या घरी तुझा एक फोटो नाही, बा. आई विचारायची तेव्हा म्हणायचास, फोटो कशाला लागतो.

मी म्हणाले, 'नाव काढा ते.'

'असं काय करता? आम्ही मान देऊन राहिलो. काका स्वतः सांगायचे, आमच्या पिढ्यान् पिढ्या ह्याच घरी...'

'खोटं सांगायचे. त्यांचा आज्जा वेठीतून पळून आलेला होता. दगड बसवलात तर कार्यक्रमात उभी राहून देगलूरचा कागद वाचून दाखवीन. मग बाकीचे सेवक तरी खरंच पिढ्यान् पिढ्यांचे होते का, तेही लोक विचारतील.'

तो चहा न पिताच गेला. पुढं आत्याच्या नातवानं जाऊन बघितलं. दगड बसलाय, तुझ्या नावाच्या जागी घासून गुळगुळीत केलंय. फोटोही नाही. मालकाच्या भिंतीवर तुला जागा मिळाली असती, तीही मी घालवली, आणि त्याचं मला यत्किंचितही वाईट वाटत नाही. मालकाच्या नातवाला तुझा आज्जा जड गेला, तेवढा तू जन्मात कुणाला जड झाला नाहीस.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुझा पत्ता म्हणून आजही तू मालकाचंच घर सांगशील.

एक मात्र लिहून ठेवते. तो दारात आला तेव्हा मी खाली बसून मेथी निवडत होते. त्यानं तोंड उघडायच्या आत मी उठून उभी राहिले होते, आणि पदर डोक्यावर घ्यायला माझा हात वर गेला होता. माझ्या अंगात पंजाबी ड्रेस होता. पदर नव्हताच.