वीणेच्या पहाऱ्याचा सर्व्हर

२ फेब्रुवारी, सकाळ
आपल्या याद्या ऑनलाइन ठेवणाऱ्या कंपनीचा पुन्हा ईमेल. जागा भरली, मोठा प्लॅन घ्या. सप्ताहातल्या वीणेच्या पहाऱ्याची यादी त्यांच्याकडे आहे. सात दिवस, दोन-दोन तासांच्या चौऱ्याऐंशी पाळ्या. देवाचं काम, आणि शेजारी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. किळस आली. ठरलं. फुकट, मोकळं सॉफ्टवेअर, आपल्याच घरात. सर्व्हर म्हणून बावधनहून जुना कॉम्प्युटर आणला.

५ फेब्रुवारी
तुलना केली. कंपनीचं गुळगुळीत, कुठंही उघडतं, पण आत डोकावतात. आपलं सावकाश उघडतं, जोडाक्षरं फुटतात, पण कुणी डोकावत नाही. आपलं श्रेष्ठ. कल्पनाला वाचून दाखवलं. बायकोनं कौतुक करावं, तर म्हणते, पाळ्यांची यादी चोरून कुनी काय करनार हाय?

७ फेब्रुवारी
कंपनीचं खातं कायमचं पुसलं. आंघोळ केल्यासारखं वाटलं. देवळाचे कारभारी विठ्ठलराव म्हणाले, काय करायचं ते कर, पर चाळीस वर्सांत वीणा भुईला टेकली न्हाई. हे मला सांगतात.

१० फेब्रुवारी
सप्ताह सुरू. यादी फक्त आमच्या वायफायवर उघडते. त्यामुळे पाळी बघायला माणसं आमच्या पडवीत. दुपारपर्यंत एकवीस. बरंच आहे, भेटीगाठी होतात. कल्पनाला म्हटलं, चहा करणं हीसुद्धा सेवाच. तिनं दुसरं पातेलं चढवलं.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
सकाळी लाइट गेली. यादी बंद. पुढची पाळी कुणाची, कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. वाल्मीकची पाळी दहाला संपलेली, तो एकपर्यंत वीणा गळ्यात घेऊन उभा. मला म्हणाला, तुजा सर्वर निजलाय, माजं पाय बी निजलं. वीणा मी घेतली.
अडीचला लाइट आली. पण सुरू होताना कॉम्प्युटर पासवर्ड मागतो. तो मलाच माहीत, आणि मी वीणा घेऊन उभा. कल्पना विचारायला आली, तर देवळात पंधरा माणसं कान देऊन बसलेली. सुरक्षितता म्हणून सांगितला नाही.
पाचपर्यंत तसाच उभा. वीणा खाली सरकली. विठ्ठलरावांनी उठून काढून घेतली. म्हणाले, यादी नव्हती तवा काय वीणा पडत व्हती? ज्याची पाळी सरंल, त्यानं शेजारच्या घराला हाक मारायची.

१५ फेब्रुवारी
सर्व्हर तीन दिवस अखंड चालू. या तीन दिवसांत यादी उघडणारे एक. मीच.
दुपारी हाक आमच्या दारात आली. मी टोपी घातली, बाहेर आलो.
हाक कल्पनाला होती.