बर्फातल्या बाटल्या

३ मे २००६
गोव्याहून मालवणला परत. मेंदूच्या डॉक्टरांनी निदान केलं: मायस्थेनिया. माझ्याच रक्तातल्या अँटिबॉडी माझ्याच स्नायूंचे निरोप अडवतात. उपाय म्हणजे परक्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी, बाटल्यांतून, सलाईनसारख्या. पाच दिवस, तिथे राहून.
अशक्य. मासेमारीच्या सीझनचा शेवटचा महिना. माझी बर्फाची फॅक्टरी सोडून खाटेवर पडणार नाही. पापणी पडते ती उन्हामुळे.

६ मे
तोडगा निघाला. बाटल्या इकडे मागवायच्या, इथल्या डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यात लावायच्या, दुपारी मी फॅक्टरीत. डॉक्टर नाखूश, पण कबूल.
डावी पापणी चिकटपट्टीने वर धरली. रुबाबदार दिसतं. मथुरा म्हणाली, "चोर दिसतास." तीस वर्षांच्या संसारात कदर नाही.

१० मे
जेवताना जबडा दमतो. हाताचा टेकू देतो. लांबून विचारवंत वाटत असणार. संकल्प: मासे सकाळी, संध्याकाळी पेज.

१३ मे, सायं. ६
गंगाराम ड्रायव्हर बाटल्या घेऊन आला. इथल्या डॉक्टरांचा फोन: दवाखाना बंद झालाय, रात्रभर घरच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. थंड हव्यात, पण गोठता कामा नयेत. रोज आठ तास भारनियमन, फ्रिजवर कोण विसंबणार? थर्माकोलचा खोका, फोडलेला बर्फ, वर जाडं मीठ. मिठाने थंडी वाढते, हे डॉक्टरला काय माहीत! मथुरा ओरडली, "अहो, ता औषध आसा, बांगडो नाय!" तिला सांगितलं, माझा बांगडा मुंबईपर्यंत ताजा जातो.

१४ मे, सकाळी ७
खोका उघडला. बाटल्या दगड झाल्यात. एक नंबर काम.

१४ मे, दुपार
डॉक्टरांनी बाटली उलटी धरली. आतलं हललं नाही. मग बराच वेळ डॉक्टरही हलले नाहीत. गोठलेलं वितळवून चालत नाही म्हणे, सगळ्या बाद. म्हटलं, एक लावून तर बघा. "तुम्ही गोव्याला जा. आजच." नव्या बाटल्या चार दिवसांत येतील. तोवर थांबतो. घाई कसली?

१६ मे
आवाज नाकातून येतो. फोनवर गिऱ्हाइकाने विचारलं, "मालक खंय आसत?" मीच बोलतोय म्हटलं. त्याने फोन ठेवला. श्वास जरा तोकडा. हवा दमट आहे.

१९ मे, गोवा
ॲम्ब्युलन्सने आलो. म्हणजे मला आणलं. एका हाताला सुई, नाकात नळी. नर्सने बाटली फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवली, गारवा जायला. अडवणार होतो. आवाज निघाला नाही.
खिडकीतून भिंत दिसते.

२४ मे
पाचवी बाटली संपली. पापणी पट्टीशिवाय उघडी. घरी कधी, विचारलं. डॉक्टर म्हणाले, बघू. ३१ला सीझन संपणार.
आज प्रथमच तोंडाने खायची परवानगी. आईस्क्रीमचा कप. दगड. चमचा शिरेना, माझ्या हातात जोर नाही. मथुराने कप काढून घेतला, दोन्ही तळव्यांत धरून बसली.
"रवा जरा," मला थांबवत म्हणाली. "वितळूक वेळ लागता."
आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी वितळायची वाट बघतोय.